दोन तुकड्यांची रायफल आणि साठ सेंटिमीटरची पट्टी

सुट्या होणाऱ्या रायफलीची बदनामी सिनेमानं केली. 1963 च्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मध्ये जेम्स बाँड चामडी ब्रीफकेस उघडतो, आतले भाग जोडतो आणि मिनिटभरात त्याच्या हातात रायफल असते. फ्रेडरिक फोर्साइथच्या 'द डे ऑफ द जॅकल'मधला मारेकरी तर आपलं हत्यार कुबडीच्या नळ्यांमध्ये लपवून थेट पोलिसांच्या कड्यातून आत जातो. तेव्हापासून 'रायफल दोन तुकड्यांत मोडते' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातात. लपवायचं नसेल तर तुकडे कशाला करायचे?

बाँडच्या ब्रीफकेसमधली ती रायफल म्हणजे आर्मालाइट कंपनीची एआर-7. आखणी यूजीन स्टोनरची. पुढे जगभर गाजलेली एआर-15 त्याचीच. पण एआर-7 ची कुळकथा अगदी साळसूद आहे. अमेरिकी हवाईदलाला असं हत्यार हवं होतं की विमान कोसळून वैमानिक रानात अडकला, तर ससा-पाखरू मारून पोट भरू शकेल. त्यासाठी आधी एआर-5 झाली आणि तिच्याच वळणावर सामान्य गिऱ्हाइकासाठी एआर-7 आली. तिचा प्लॅस्टिकचा दस्ता पोकळ आहे. नळी, मधला सांगाडा, मॅगझिन, सगळं त्या दस्त्याच्या पोटात जातं, वर झाकण बसतं आणि उरतो साडेसोळा इंचांचा एक हलका ठोकळा. पाण्यात पडला तर तरंगतो. घातपात्यापेक्षा गिर्यारोहकाच्या पाठपिशवीत शोभणारी वस्तू.

इंग्रजीत या जातीला 'टेकडाउन' म्हणतात आणि नेमबाजांच्या बोलण्यातही तोच शब्द रुळलाय. टेकडाउन म्हणजे अवजाराविना, स्क्रूड्रायव्हरविना, हाताच्या एका पिळानं नळी आणि दस्ता वेगळे होणारी रायफल. आज यातली सर्वांत ओळखीची म्हणजे रुगर कंपनीची 10/22 टेकडाउन. मूळ 10/22 आली 1964 मध्ये, तिची सुटी होणारी आवृत्ती 2012 मध्ये. कृती सोपी. मॅगझिन काढायचं, खटका मागे ओढून अडकवायचा, नळीचं मागचं तोंड रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटानंही तपासायचं. मग नळीखालच्या लाकडी किंवा प्लॅस्टिक हातपट्टीतली छोटी कळ पुढे सरकवायची, नळी थोडी फिरवायची आणि ओढायची. प्रेशर कुकरचं झाकण जसं फिरवून सुटतं, तशी ती सुटते. जोडताना उलट फिरवायची, 'टक्' असा आवाज आला की बसली. चौऱ्याण्णव सेंटिमीटरची रायफल आता दोन तुकड्यांत आहे आणि त्यातला मोठा तुकडा एक्कावन्न सेंटिमीटरचा. सोबत पाठीला लावायची पिशवी कंपनीच देते.

ही वस्तू अमेरिकेत विकत घेणं फारसं कठीण नाही. खरी गंमत आहे ती ब्रिटनमध्ये. तिथे कागदी लक्ष्यावर नेम धरण्याचा छंद जुना आणि प्रतिष्ठित आहे आणि बंदुकीचा कायदा मात्र जगातल्या सर्वांत कडक कायद्यांपैकी. अशा देशात रायफल निवडताना माणूस दुकानाच्या काचेपासून सुरुवात करत नाही. कायद्याच्या पुस्तकापासून करतो आणि मग मागे मागे येत दुकानाशी पोहोचतो.

छंद किती जुना? ब्रिटनची नॅशनल रायफल असोसिएशन 1859 ची. आधी तिच्या स्पर्धा लंडनच्या विम्बल्डनला भरायच्या, 1890 पासून सरे परगण्यातल्या बिस्लीला भरतात. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात डच वंशाच्या शेतकऱ्यांच्या नेमापुढे ब्रिटिश फौजेची फजिती झाली, तेव्हा सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांनी गावोगाव नेमबाजी शिकवा असा धोशा लावला. त्यातून 1901 मध्ये कामगारांच्या रायफल क्लबांची संस्था निघाली. आजच्या नॅशनल स्मॉल-बोअर रायफल असोसिएशनचं मूळ ते. गावच्या सभागृहात, पंचवीस यार्डांवर, .22 च्या छोट्या काडतुसानं थंडीतल्या संध्याकाळी नेम धरणं हा कारकून, गवंडी, शाळामास्तर यांचा छंद होता. अजूनही आहे.

कायद्याची कडी मात्र दोन रक्तरंजित दिवसांनी आवळली. 19 ऑगस्ट 1987 ला हंगरफर्ड या छोट्या गावात एका परवानाधारकानं सोळा जणांना ठार केलं. पुढच्याच वर्षीच्या दुरुस्तीनं सेमी-ऑटोमॅटिक रायफली बंद झाल्या. म्हणजे चाप दाबला की एक गोळी सुटते आणि पुढचं काडतूस आपसूक नळीत येतं त्या. अपवाद एकच ठेवला, .22 रिमफायर, म्हणजे कडेवर ठोका बसून पेटणारं छोटं काडतूस. 13 मार्च 1996 ला स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या प्राथमिक शाळेत सोळा मुलं आणि त्यांच्या बाई मारल्या गेल्या. त्यानंतर 1997 मध्ये पिस्तुलं जवळजवळ पूर्ण बंद झाली. (उत्तर आयर्लंडचा कायदा वेगळा आहे, तिथे ही बंदी नाही.) ही बंदी इतकी पक्की होती की 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पिस्तुलाच्या स्पर्धा घ्यायला सरकारला खास मुभा द्यावी लागली.

1997 च्याच दुरुस्तीनं ती पट्टी आणली जिच्याभोवती हे सगळं प्रकरण फिरतं. एअरगन आणि ठासणीची बंदूक यांसारखे मोजके अपवाद सोडले, तर नळी 30 सेंटिमीटरपेक्षा आखूड किंवा पूर्ण लांबी 60 सेंटिमीटरपेक्षा कमी असलेलं कुठलंही अग्निशस्त्र निषिद्ध. आणि पुढे एक वाक्य आहे, ते दोनदा वाचावं: लांबी मोजताना सुटणारा, घडी होणारा किंवा आत सरकणारा दस्ता धरायचा नाही.

या एका वाक्यानं बाँडची रायफल अडचणीत येते. एआर-7 चा दस्ता सुटतो, किंबहुना सुटणं हाच त्याचा धर्म. मग तो वजा करून उरलेली नळी आणि सांगाडा पट्टीवर ठेवायचा. नळी सोळा इंचांची, म्हणजे 30 सेंटिमीटरची अट आरामात पार. पण एकूण साठ? तिथे गणित काठावर येतं. ज्या गुणासाठी रायफल घ्यायची, तोच गुण तिला तुरुंगाच्या दारात नेऊ शकतो. रुगरची गोष्ट वेगळी. तिचा दस्ता मधल्या सांगाड्याला पक्का जखडलेला. सुटते ती नळी. म्हणून तिची लांबी मोजायची ती पूर्ण जोडलेली, चौऱ्याण्णव सेंटिमीटर. वरवर दोघी सारख्या, दोन्ही 'सुट्या होणाऱ्या'. पण कोणता भाग सुटतो, यावर एक बिनघोर आणि दुसरी धोक्यात.

या पट्टीनं ब्रिटनमध्ये काही विचित्र प्राणीही जन्माला घातले. पिस्तुलाचा सराव सोडवत नसलेल्यांसाठी कारागिरांनी रिव्हॉल्व्हरला लांब नळी लावली आणि मुठीमागे पक्का दांडा जोडला, की झाली साठ सेंटिमीटर भरती. बैलगाडीच्या मागे लाकूड बांधावं तसा तो दांडा दिसतो. हसू येतं, पण वस्तू कायदेशीर आहे.

परवाना पोलीस देतात, पाच वर्षांसाठी. दोन जामीनदारांसारखे ओळखीचे लोक लागतात, डॉक्टरकडून आरोग्याची माहिती जाते, पोलीस घरी येऊन कपाट बघतात. ते कपाट पोलादी, भिंतीला बोल्टनं पक्कं केलेलं. बाजारात त्यासाठी बीएस 7558 हे मानक चालतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, प्रत्येक रायफलीसाठी 'योग्य कारण' सांगावं लागतं. 'मला आवडली' हे कारण नाही. 'अमुक मान्यताप्राप्त क्लबात मी अमुक प्रकारात नेम धरतो आणि त्यासाठी ही लागते' हे कारण. एक .22 सेमी-ऑटोमॅटिक आधीच कपाटात असेल, तर दुसरी का, हा प्रश्न येणारच. काडतुसं किती विकत घ्यायची आणि किती जवळ ठेवायची, तो आकडासुद्धा परवान्यावर छापलेला असतो.

टेकडाउनचा मोह असणाऱ्यांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायची. नळी इतकी सहज निघते म्हटल्यावर मनात येतंच की एक आखूड नळी फिरायला न्यावी आणि एक जाड, जड नळी स्पर्धेला. कॅमेऱ्याच्या लेन्ससारखं. पण ब्रिटिश कायद्यात रायफलीची नळी ही सुटी असली तरी अग्निशस्त्राचाच भाग. जास्तीची नळी म्हणजे परवान्यावर जास्तीची नोंद, आणि नोंदीशिवाय ती ड्रॉवरमध्ये सापडली तर गुन्हा. आपल्याकडेही 1959 च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत त्याचे भाग येतात. कोल्हापुरात असो की केंब्रिजमध्ये, सुटी नळी हा लोखंडाचा पाइप नव्हे.

कायदा झाला. आता रायफल नेम कितपत धरते ते बघायचं. इथे सगळा खेळ सांध्याचा आहे.

एक साधं गणित करून बघण्यासारखं आहे. रुगरची नळी 47 सेंटिमीटर लांब आहे. जोडताना सांध्यात किंचित ढिलाई राहिली आणि नळीचं पुढचं तोंड 0.1 मिलिमीटर हललं. म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीइतकं. पन्नास मीटरवर ही चूक वाढून साधारण 10.6 मिलिमीटर होते. आणि ऑलिंपिकमधल्या 50 मीटर रायफल प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ असतं 10.4 मिलिमीटर व्यासाचं. म्हणजे कागदाच्या जाडीएवढ्या ढिलाईनं गोळी मधल्या ठिपक्यातून उचलून पूर्ण बाहेर फेकली.

मग सुट्या रायफलीनं नेमबाजी होतच नाही का? होते, आणि उत्तर आहे नेम धरायचं साधन कुठे बसवलंय यात. मागची फट आणि पुढची माशी दोन्ही नळीवरच असतील, तर नळी हलली की नेमही तिच्याबरोबर हलतो; नेमबाज डोळ्यानं पुन्हा माशी जुळवतो आणि चूक आपोआप भरून निघते. पण दुर्बीण मधल्या सांगाड्यावर असेल, तर दुर्बीण एकीकडे बघणार आणि नळी दुसरीकडे. एआर-7 मध्ये मागचं छिद्र सांगाड्यावर आणि माशी नळीवर आहे. रानात सशापुरतं ते चालतं. कागदावर प्रत्येक वेळी जोडल्यावर नेम नव्यानं तपासावा लागतो.

हे शंभर वर्षांपूर्वी जॉन ब्राउनिंगला नीट कळलं होतं. अमेरिकेच्या या बंदूककारानं आखलेली .22 सेमी-ऑटो रायफल बेल्जियमच्या एफएन कारखान्यानं 1914 मध्ये बाजारात आणली. पुढे अमेरिकेत रेमिंग्टननं तिला मॉडेल 24 आणि मग 241 म्हणून काढलं. आज जपानच्या मिरोकू कारखान्यात ब्राउनिंगच्या नावानं ती बनते. ही रायफल हातात घेतली की पहिलं जाणवतं ते तिचं सडसडीत अंग. रिकाम्या पुंगळ्या बाजूनं नव्हे, खाली पडतात, त्यामुळे डावखुऱ्याच्या तोंडावर उडत नाहीत. काडतुसं दस्त्यातल्या नळकांड्यात भरायची. नळीच्या मुळाशी एक गोल कडं आहे. वापरानं सांधा सैल झाला की तेच कडं एक खाच पुढे फिरवायचं, सांधा पुन्हा घट्ट. आणि उघड्या माशीऐवजी दुर्बीण हवी असेल, तर तिची पट्टी नळीला बसते आणि सांगाड्यावर नुसती पुढे आलेली राहते, जोडलेली नसते. नळी काढली की दुर्बीण तिच्यासोबत जाते.

हाच विचार जर्मनीच्या ब्लेझर कंपनीनं मोठ्या काडतुसांच्या रायफलीत वापरला. तिथेही दुर्बिणीचा खोगीरासारखा पाया थेट नळीवर बसतो. ब्लेझरची किंमत वेगळ्याच इयत्तेची आहे. इथे तिचा उल्लेख एवढ्यासाठीच की तत्त्व तेच आहे.

रुगरमध्ये मूळ फट आणि माशी नळीवर आहेत, आणि ब्राउनिंगसारखंच सांधा आवळायचं कडं आहे. नव्या रायफलीवर ते एकदा नीट आवळून घ्यायचं असतं. अनेकजण ते विसरतात आणि मग रायफलीला शिव्या देतात. दुर्बीण मात्र कारखान्याच्या पट्टीनं सांगाड्यावर बसते. याचा अर्थ रुगर वाईट असा नव्हे. कडं घट्ट असेल तर ती बऱ्यापैकी त्याच जागी परत येते. पण 'बऱ्यापैकी' आणि 10.4 मिलिमीटर यांचं जमत नाही.

आखूड नळीनं गोळीचा वेग जातो, ही भीती .22 च्या बाबतीत बहुतेक वेळा फुकाची. .22 लाँग रायफल हे काडतूस अमेरिकेच्या स्टीव्हन्स कंपनीनं 1887 मध्ये काढलं. त्यात दारू इतकी थोडी असते की साधारण सोळा इंचांच्या आतच तिचं बहुतेक काम आटोपतं. पुढची नळी वेगाला विशेष काही देत नाही. देते ते नेमाला: फट आणि माशी यांच्यातलं अंतर वाढतं आणि डोळ्याची चूक कमी होते. आखूड नळीवर उघड्या माशीनं नेम धरणं म्हणूनच कठीण जातं. आणि ही छोटीशी गोळी खेळणं नव्हे. काडतुसांच्या खोक्यावर दीड मैलाच्या पल्ल्याचा इशारा छापलेला असतो, म्हणून मागे मातीचा भक्कम बांध हवाच.

सोळा इंच हा आकडा इतक्या टेकडाउन रायफलींवर का दिसतो? कारण अमेरिकेतही पट्टी आहेच. 1934 च्या राष्ट्रीय कायद्यानुसार सोळा इंचांपेक्षा आखूड नळीची किंवा एकूण सव्वीस इंचांहून छोटी रायफल घ्यायची तर वेगळी नोंदणी लागते. कारखाने म्हणून त्या रेषेच्या जरा वर थांबतात. कॅनडात विचारतात की घडी घालून 660 मिलिमीटरपेक्षा छोटी झालेली ही बंदूक त्याच अवस्थेत उडते का. रुगर तुकड्यांत उडत नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न सुटतो. ऑस्ट्रेलियात मात्र दार जवळजवळ बंद. एप्रिल 1996 मध्ये पोर्ट आर्थरला पस्तीस जण मारले गेल्यावर सगळ्या राज्यांनी मिळून केलेल्या करारात .22 ची सेमी-ऑटोसुद्धा शेतकऱ्यांसारख्या ठरावीक गरजूंपुरती राहिली. सिडनीतल्या हौशी नेमबाजानं रुगरचं नाव काढू नये. खटका हातानं ओढायची रायफल बघावी. ब्रिटनमध्ये चालतं ते जगात चालेल, असं नाही.

महाराष्ट्राला .22 नवी नाही. मुंबईत वरळीची रेंज आहे, कोल्हापूरची परंपरा तर सर्वश्रुत. तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून नेम धरण्याच्या प्रकारात, विश्वविजेतेपद मिळवलं, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये 451.4 गुणांसह ब्राँझ. या दोघांच्या प्रकारांतलं काडतूसही .22 च. पण स्पर्धेची ती रायफल पार वेगळी. नियमानं आठ किलोंपर्यंत वजन चालतं, एकेक गोळी हातानं भरायची, आणि कोणी तिची नळी रोज फिरवून काढत नाही. दोन किलोंची सुटी रायफल तिच्या वर्गात बसतच नाही. शिवाय आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीनं सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रांची मर्यादा आहे, खेळाडूंना त्यातून सूट आहे. ज्याला नुसती हौस आहे, त्याला 4.5 मिलिमीटरची, वीस जूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल विनापरवाना मिळते आणि दहा मीटरवर ती कुठल्याही टेकडाउनपेक्षा चांगला नेम शिकवते.

मग ब्रिटनमधल्या त्या नेमबाजानं काय घ्यावं? लंडनच्या छोट्या फ्लॅटात लांब कपाटाला भिंत नसेल, किंवा बिस्लीला ट्रेननं जायचं असेल आणि रायफलीची लांब पिशवी डब्यात सगळ्यांच्या नजरेत भरत असेल, तर टेकडाउनचं कारण खरं आहे. तिथल्या कायद्यात झाकलेली, रिकामी रायफलसुद्धा रस्त्यानं नेताना सबळ कारण लागतं आणि तिची सुरक्षितता मालकाच्या डोक्यावर असते. दोन तुकड्यांमुळे ही जबाबदारी एका काडीनंही हलकी होत नाही. पंचवीस-पन्नास मीटरवर वेळ लावून होणाऱ्या जलद गोळ्यांच्या प्रकारात रुगर पुरते, सुटे भागही भरपूर मिळतात. दुर्बीण लावायची असेल तर ब्राउनिंग सरस. आणि कपाटाला जागा असेल, गाडी असेल, फक्त कागदावर भोकांचा लहान झुबका हवा असेल, तर या दोन्ही सोडून चेक बनावटीच्या सीझेड 457 सारखी न सुटणारी, हातखटक्याची रायफल घ्यावी. एवढं वाचून हा सल्ला निराशाजनक वाटेल, पण खरा आहे.

घाईचं काही कारण नाही. मान्यताप्राप्त क्लबात किमान तीन महिने उमेदवारी करावी लागते, आणि क्लबात नेम धरताना क्लबची रायफल स्वतःच्या परवान्याशिवाय वापरता येते. त्या काळात कोणाची तरी टेकडाउन मागून घ्यावी, अर्थात मालकासमोर, रेंजवरच. पन्नास मीटरवर कागद लावावा. पाच गोळ्या टाकाव्यात. रायफल रिकामी करून नळी काढावी, पुन्हा बसवावी, माशीला किंवा दुर्बिणीला हात न लावता त्याच कागदावर आणखी पाच टाकाव्यात. असं तीनदा करावं. पंधरा-वीस भोकं एका झुबक्यात राहिली तर तो सांधा भरवशाचा. दोन-तीन वेगळे झुबके दिसले, तर परवान्यावरची ती जागा अजून काही महिने रिकामीच ठेवावी.